साहेबांचा हरवलेला चेंडू

बाबा, डोंगरावरचं ते मैदान अजून तसंच आहे, आणि मला तुमचा रागही अजून तसाच येतो. आज सकाळी मी तिथे नऊ होल खेळले. ऑफिसने आम्हा पाच जणांना बैठकीसाठी इथे आणलं आहे, आणि बैठकीपेक्षा गोल्फ महत्त्वाचा असतो हे तुमच्या साहेबांच्या वेळेपासून काही बदललेलं नाही. माझा पहिला फटका बघून आमचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे शिकलात कुठे?" मी म्हटलं, "घाटकोपरला." तो मोठ्याने हसला. त्याला तो विनोद वाटला. पाचव्या होलला माझा चेंडू उतारावरून घरंगळत पाइनच्या झाडांत गेला. काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी म्हणाला, "जाने दीजिए मॅडम, दूसरा लीजिए." मी दुसरा घेतला. अर्ध्या मिनिटात विषय संपला. खेळाचा नियमही तोच सांगतो, थोडा वेळ शोधा, नाहीतर सोडून द्या. इतकी साधी गोष्ट तुम्हाला आयुष्यात एकदाही का जमू नये, या विचाराने मी पुढचे चारही होल वाईट खेळले.

भांडुपच्या कारखान्यातली तुमची टूलरूम मी दोनदाच पाहिली, पण ती मला आपल्या घरापेक्षा नीट आठवते. भिंतभर लाकडी फळ्या, त्यांवर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात काढलेली आकृती. पान्ह्याच्या आकृतीवर पान्हा, पकडीच्या आकृतीवर पकड. कामगार खिडकीशी येतो, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला देतो, हत्यार घेऊन जातो. बिल्ला त्या रिकाम्या आकृतीवर लटकतो. पाळी संपली की सगळी हत्यारं भिंतीवर आणि सगळे बिल्ले कामगारांच्या खिशात. एखादं ड्रिल आलं नाही तर तुम्ही स्वतः मशीनखालच्या लोखंडी कातरणात हात घालून शोधत बसायचात. "गावतला, जातला खंय?" सापडेल, जाईल कुठे. हे तुमचं एकमेव तत्त्वज्ञान, आणि मालवणीत असल्यामुळे त्याच्याशी वाद घालायची सोय नव्हती. घरीही तुम्ही स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या भिंतीवर सांडशी, झारा, किसणी यांच्या आकृत्या काढल्यात. आई म्हणाली होती, "मी मेले की माझीपण काढा, म्हणजे कळेल तरी कोण हरवलंय ते." तुम्ही हसला नाहीत. सांडशी सरळ केलीत.

गोल्फही या टूलरूममधूनच घरात आला. साहेबांच्या काठीचं डोकं निखळलं, कुणीतरी ते तुमच्याकडे आणलं, आणि तुम्ही आत बारीक पिन घालून ते असं बसवलंत की सांधा दिसेना. मग दुसरी काठी आली, मग सगळी पिशवीच. मग रविवारी सकाळी चेंबूरच्या मैदानावर तुम्ही साहेबांबरोबर चालायला लागलात. एक जुनी लोखंडी काठी साहेबांनी तुम्हाला दिली आणि आमचं नशीब फुटलं. घाटकोपरला, पंतनगरच्या आपल्या मैदानावर, जिथे पोरं रबरी चेंडूने क्रिकेट खेळायची, तिथे तुम्ही पायजम्यातच उभे राहून साहेबांनी टाकून दिलेले चिरलेले चेंडू मारत होतात. "मास्तर, साप मेला काय?" पहिल्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं. "मास्तर, झाडताच आहात तर आमच्या दारातलं पण झाडा!" सगळा कारखाना तुम्हाला मास्तर म्हणायचा, तेच नाव चाळीपर्यंत आलं होतं. मी शाळेतून मागच्या वाटेने घरी यायला लागले. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही फटका मारायचात, तो सरळ जायचा, आणि मग मला हाक. आठ चेंडू असले तर आठ मिळायलाच हवेत. एकदा एक नाल्याच्या काठच्या झुडपात गेला आणि तुम्ही दीड तास मला तिथे उभं केलंत. दुसऱ्या दिवशी इतिहासाची चाचणी होती. चेंडू मिळाला. चाचणीचं विचारू नका.

पण तेव्हा मी गप्प बसायचे, कारण या सगळ्यातून काहीतरी निघणार होतं. टूलरूमचे सुपरवायझर निवृत्त होत होते. त्या जागेबरोबर मुलुंडच्या कंपनी वसाहतीतलं घर मिळायचं. दोन खोल्या, स्वतःचा संडास, आणि एक गॅलरी. आपल्याकडे एक खोली आणि मजल्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. मी नववीत होते. आईने त्या न पाहिलेल्या घरात माझं टेबल कुठल्या खिडकीशी ठेवायचं हेही ठरवलं होतं. साहेबांनी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, "मास्तर, जागा तुमचीच. डोंगरावर डीलर लोकांचं संमेलन आहे, तिथे शेवटच्या दिवशी जेवताना जाहीर करू. तुम्ही चला, काठ्या सांभाळायला कुणीतरी हवंच. घरच्या एकाला आणा." आई म्हणाली, "मला नाही थंडी सोसायची. हिला न्या, हिने काय पाहिलंय?" म्हणून मी आले. तुमच्या पायात शेजाऱ्यांचे बूट होते, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला.

इथली ती पहिली सकाळ मी आत्ताही बघते आहे. समोर बर्फाची रांग आहे, पण ती खरी वाटत नाही. खरे वाटतात ते पाइन. सरळ, एकाच मापाने कापल्यासारखे, आणि वारा सुटला की त्यांचा आवाज गोराईच्या किनाऱ्यावरच्या सुरूंसारखा येतो, फक्त खाली समुद्र नाही. जमिनीवर सुयांचा जाड थर. पाय टाकला की रुततो आणि आवाज होत नाही. दोन डीलर आहेत, साहेब आहेत, चौथ्या गृहस्थांना उंचीवरची हवा बाधल्यामुळे ते खोलीत झोपले आहेत. साहेब म्हणतात, "मास्तर, तुम्हीच खेळा." तुम्ही आधी हात पुसता. पहिल्याच फटक्याला तुमचा चेंडू त्या तिघांच्या पुढे जाऊन पडतो, आणि जाड डीलर शीळ घालतो. "साहेब, हे कुठून आणलंत?" साहेब खूश होते. ते म्हणाले, "आमचे मास्तर बरोबर असले की कुत्रा आणायला नको. कितीही लांब जाऊ दे, चेंडू बरोबर तोंडात धरून आणतात." तिघेही हसले. सगळ्यात मोठ्याने तुम्ही हसलात. मी थर्मास घेऊन मागे चालत होते. पंतनगरच्या सगळ्या गॅलऱ्यांनी मिळून जे केलं नव्हतं ते त्या एका हसण्याने केलं. बाबा, माणसाने निदान हसू तरी नये.

मग साहेबांचा चेंडू झाडांत गेला. त्या होलला ते जाड डीलरपेक्षा एका फटक्याने पुढे होते आणि ते त्यांनी दोनदा बोलून दाखवलं होतं. चेंडू हरवला की दंडाचा फटका भरावा लागतो. सगळे शोधायला आत शिरले. तुम्ही उतारावर सगळ्यात खाली, कंबरेत वाकून, काठीच्या टोकाने सुया उलटत. साहेब वर. मी दोघांच्या मध्ये. साहेबांचा डावा हात खिशात गेला, बाहेर आला, आणि एक पांढरा चेंडू त्यांच्या पँटीच्या शिवणीवरून घसरत बुटाशी पडला. त्यांनी दोन पावलं मागे घेतली, पुन्हा पुढे आले आणि म्हणाले, "अरे, हा काय! इथेच तर आहे." डीलर म्हणाला, "वा, नशीब आहे!" म्हातारा कॅडी झाडांच्या शेंड्याकडे बघत उभा राहिला. तो रोजच बघत असणार. साहेबांनी फटका मारला, चांगला मारला, ती मंडळी बाहेर मोकळ्यावर गेली. तुम्ही अजून आतच होतात. वारा होता, तुम्हाला काही ऐकू गेलं नव्हतं. आणि मग तुम्ही झाडांतून वर आलात, गुडघ्यांना सुया चिकटलेल्या, आणि शर्टाला चेंडू पुसत म्हणालात, "मिळाला साहेब! तुमचाच. हे बघा, माझे तीन ठिपके." साहेबांच्या पिशवीतल्या प्रत्येक चेंडूवर तुम्ही लाल रंगाचे तीन ठिपके दिले होते. टूलरूमची सवय. खिशातला तेवढा नवा होता, कोरा.

मग जाड डीलर म्हणाला, "म्हणजे साहेबांना आज दोन मिळाले! आम्हाला एक मिळत नाही." तुम्ही साहेबांकडे बघितलंत, लांब पडलेल्या चेंडूकडे बघितलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावर तो टूलरूममधला भाव आला, हिशोब लागत नसल्याचा. तेवढ्यावर थांबायचं. पण नाही. तुम्ही समजावून सांगायला लागलात. "नाही, म्हणजे तो दुसऱ्या कुणाचा असेल, साहेब. इथे खूप लोक खेळतात. चुकून होतं. हा तुमचा." आणि हात पुढे केलात. साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही फार शोधता." चेंडू त्यांनी घेतला नाही. उरलेल्या होलना तुमच्याशी कुणी बोललं नाही, तरी तुम्ही प्रत्येक फटका सरळच मारत राहिलात.

शेवटच्या दिवशी जेवताना एका डिप्लोमावाल्या मुलाचं नाव जाहीर झालं. कारखान्यात येऊन त्याला एक वर्षही झालं नव्हतं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. परतीच्या गाडीत दिल्ली मागे पडेपर्यंत मी धीर धरला आणि मग फुटले. "तुम्हाला कळलं नाही का? त्यांनी खिशातून टाकला तो! मी डोळ्यांनी बघितलं!" तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. वळलात. "तू बघितलंस?" "हो." "कधी? मी आणायच्या आधी?" "आधीच." तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बरं. आईक सांगू नको हां." मला तेव्हा वाटलं, तुम्ही साहेबांची अब्रू झाकताय. इतका संताप आला की मी वरच्या बर्थवर जाऊन कल्याण येईपर्यंत खाली उतरले नाही.

आईला चेंडूची गोष्ट कळलीच, कारखान्यातून सगळ्यांनाच कळली. "एक चेंडू सोडवला नाही तुम्हाला?" हे वाक्य आपल्या घरात कॅलेंडरसारखं टांगलं गेलं. नळाला रांग असली की चेंडू. पाहुण्यांना झोपायला जागा नसली की चेंडू. दहावीला मी टेबल मागितलं, तुम्ही म्हणालात बघू, आणि मी म्हटलं, "त्या चेंडूवर बसून करते ना अभ्यास." तुम्ही उठून किसणी सरळ केलीत. तो डिप्लोमावाला तुमच्या डोक्यावर नऊ वर्षं होता. त्याने बिल्ले काढून चिठ्ठ्या आणल्या, हत्यारं हरवायला लागली, आणि तरी पाळी संपल्यावर तुम्ही शोधत थांबायचात, ज्याचं कुणाला काही उरलं नव्हतं ते. पंतनगरच्या त्या एका खोलीतूनच तुम्ही गेलात. त्याच खोलीतून आईही गेली, आणि आजारपणातही एकदा म्हणाली, "तुझ्या बाबांना सोडता यायचं नाही गं काही." मी मान हलवली. तुम्ही निदान तिला तरी एकदा सांगायचं होतंत. सांगून मोकळं व्हायचं. मला ओरडा बसला असता, दोन दिवस जेवण नसतं मिळालं, संपलं असतं. हा कसला हट्ट?

कारण चेंडू तुम्हाला सापडलाच नव्हता, बाबा. तुम्ही वीस पावलं खाली, भलतीकडे शोधत होतात. साहेब "इथेच तर आहे" म्हणाले तेव्हा माझ्या बुटाखाली काहीतरी कडक लागलं, आणि मी सुया सरकवल्या तर तीन ठिपके. तो तिथेच दाबून टाकता आला असता, जमीन इतकी मऊ होती. मुलुंडचं घर, खिडकीशी टेबल, सगळं मला तेव्हा ठाऊक होतं, चौदा वर्षांची मुलगी काही इतकी अजाण नसते. पण साहेबांनी कुत्रा म्हटल्यावरचं तुमचं ते हसणं अजून माझ्या कानात होतं आणि मला फक्त साहेबांचा चेहरा बघायचा होता. ते सगळे बाहेर गेले आणि खालून तुमची हाक आली, "काय गो, गावलो काय?" मी म्हटलं, "इथे बघा जरा." आणि पाय बाजूला घेतला.