सदतिसावी

प्रिय कौमुदी,

फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. हे तुझ्या आईच्या हातात देणार आहे, म्हणजे वाचावंच लागेल. रविवारी मी निजामपुऱ्याच्या मैदानावर पोचेपर्यंत तू लेझीम ठेवून सुभानपुऱ्याला माहेरी परतसुद्धा गेली होतीस. आणि मला लिहिलंस काय, तर 'जवा दे ने.' का म्हणून जाऊ देऊ? सहावीच्या पोरांना गणित शिकवते मी. गणिताच्या नावाने कोणी थाप मारलेली मला खपत नाही.

लेझीम पथकाच्या प्रमुख आपल्या स्नेहलताकाकू. त्या तुला म्हणाल्या, छत्तीस जणी आहेत, तू आलीस की सदतीस, ओळी लागत नाहीत. हिशोब खरा आहे गं. छत्तीसला चारने भाग जातो, सहाने जातो, नवाने जातो. चाल बदलली की चौघींच्या ओळी सहाजणींच्या होतात, तरी एकही उरत नाही. सदतीसला दोनने भाग जात नाही, तीनने नाही, पाचने नाही, आणि सात सत्ते एकोणपन्नास, म्हणजे पुढे बघायलाच नको. मूळ संख्या. दरवेळी एक उरणार. ती उरलेली तू, हे मात्र कुठल्या पाढ्यात लिहिलंय?

मंगळवारी सरावाला गेले आणि गेल्या शिवजयंतीचा फोटो काकूंच्या नाकासमोर धरला. तेव्हा आम्ही एकतीस होतो. एकतीसही मूळच, कशानेही भागून बघा म्हटलं. तरी मिरवणूक निघालीच ना? त्यांची सून प्राची एकटी पुढे राहून चाल बदलायची खूण देत होती, मागे तिसांच्या ओळी. मग यंदा एक पुढे आणि छत्तीस मागे, अडतंय कुठे? काकू जरा घुटमळल्या आणि मग पोटातलं ओठावर आलं. पुढचा मान सवाष्णीचा, नवरा सोडून आलेलीचा नाही. फार तर कौमुदीला मागे कोपऱ्यात घेऊ, म्हणाल्या.

कोपऱ्यात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोयलीच्या त्या घरात मार खात राहिली असतीस, तर यांनी तुला हळदीकुंकू लावून पुढे उभी केली असती. एक बॅग घेऊन बाहेर पडलीस, तर कोपरा? तू त्या दिवशी बाहेर पडलीस याचा मला अभिमान आहे, आणि मी हे मैदानात सगळ्यांसमोर बोलले.

आठवतं, शाळेत दर चौथ्या ठेक्याला वाकायचं आणि दर सहाव्याला गिरकी घ्यायची? चारच्या पटीत बारा, सहाच्या पटीतही बारा, म्हणजे बाराव्याला वाकूनच गिरकी. तिथे आम्ही सगळ्या धपाधप एकमेकींवर. तू एकटी शाबूत, वर आम्हाला हसायचीस. गेल्या वर्षी प्राचीची खूण बाराव्यालाच चुकली आणि भर रस्त्यात दोन ओळी आदळल्या. पुढे कोण हवं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मग मंगळवारी तिथेच मी लेझीम खाली ठेवली. कौमुदी नाही तर मी नाही. उरल्या पस्तीस, ना चौघींच्या ओळी, ना सहाजणींच्या, बसवा म्हटलं चाल! मग माझ्या ओळीतल्या ऋचाने ठेवली. आणि मग, खोटं वाटेल तुला, प्राचीने ठेवली, सासूच्या डोळ्यांदेखत. म्हणाली, मला नाही उभं राहायचं पुढे, जिला जमतं तिला राहू दे. काकू म्हणाल्या, "करा बाई काय करायचं ते," आणि पाणी प्यायला निघून गेल्या.

तेव्हा बाईसाहेब, हे पत्र तुझी समजूत काढायला लिहिलेलं नाही. सोबतच्या पिशवीत लेझीम आहे, रविवारी ठेवून गेलीस तीच. उद्या संध्याकाळी पाचला सराव, परवा मिरवणूक. आम्ही छत्तीस जणी ओळी धरून उभ्या राहणार आणि पुढची जागा मोकळी ठेवणार. तू आली नाहीस तरी तिथे दुसरी कोणी उभी राहणार नाही, हे आमचं ठरलंय. मोकळ्या जागेच्या मागे नाचू, आणि बडोद्यात ज्याने विचारलं त्याला सांगू, ही कौमुदीची जागा आहे. पण बाराव्या ठेक्याला आम्ही पुन्हा आदळणार, एवढं नक्की. ये.

तुझीच भांडकुदळ,
शलाका