ओढ्याचं हरवलेलं पाणी

१९ एप्रिल

पोचलो एकदाचे! घर ओढ्याच्या काठावर, खाणीचं तोंड हाकेच्या अंतरावर. उद्यापासून एइलिफ तांब्याच्या खाणीत उतरणार आणि मी वर ओढा मोजणार. डोंगरावर बर्फ किती उरला, पाऊस किती पडला, त्यातलं पाणी ओढ्याला किती आलं, हे रोज मुकादमांना सांगायचं, म्हणजे खालचे पंपवाले सावध राहतात. शेजारच्या गुडवेग आजी म्हणाल्या, नवरा जमिनीखाली नि बायको ओढ्यात, झकास संसार आहे गं तुमचा! गरम वॉफल आणि तपकिरी चीज ठेवून गेल्या. एइलिफने जवळजवळ सगळं एकट्यानेच फस्त केलं.

२७ एप्रिल

दक्षिणेचा वारा, लख्ख ऊन. स्की घालून वर जाऊन बर्फात काठी खुपसली. कमरेएवढा होता, तो मांडीपर्यंत उतरलाय. ओढा मात्र जिथल्या तिथे.

काठावर लोखंडी नळा उभा आहे. त्यात ओढ्याचं पाणी शिरतं, त्याची पातळी मी मोजते. आज वाकले तर आतून ठोके आले. थांबून थांबून, कुणी दगडाने ठोकावं तसे. मी खाणकामगाराची मुलगी. ठोका ऐकला की उत्तर द्यायचं, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवतात, कारण खाली कुणी अडकलेलं असू शकतं. मी ठोकून उत्तर दिलं आणि धावत मुकादमांकडे गेले. हालवर मुकादमांनी हजेरी घेतली, सगळे जागेवर होते. ओढ्याशी गप्पा मारता होय बाई, नवरा पुरत नाही वाटतं, म्हणाले. सगळे खिदळले. मीही हसले.

४ मे

बर्फावर धो धो पाऊस. उतार काळे पडले. पलीकडच्या खोऱ्यातले ओढे दुथडी वाहताहेत आणि आमचा उलट उतरलाय. एवढं पाणी गेलं कुठे? मुकादम म्हणतात, रात्रीचा गारठा आहे अजून, येईल हळूहळू.

ठोके रोज येतात. मी रोज उत्तर देते. न देऊन कसं चालेल?

८ मे

आज आजींना ठोक्यांचं सांगितलं. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला. त्यांच्या लहानपणी असंच बर्फाचं पाणी जुन्या खाणीत घुसलं. पुढचे बोगदे वाचवायला मध्ये भिंत घातली, माणसं आत असताना. त्यांचे वडीलही. भिंतीमागून ठोके येत राहिले. उत्तर द्यायचं नाही, असा हुकूम होता. कुणी दिलं नाही.

आजी एकदम ओरडल्या, अगं पोरी, तू उत्तर दिलंस? आता त्यांना वाटणार, सोडवायला आलेत!

मला भीती वाटते आहे. खरीखुरी.

९ मे

पाणी तिथेच गेलंय. सगळा बर्फ, सगळा पाऊस, त्या भिंतीमागे. मुकादमांना सांगितलं. म्हणाले, हो का, आणि भुतांना पगार कोण देणार?

संध्याकाळी एइलिफ जेवला नाही. ठोके आता खालीही ऐकू येतात म्हणाला. उद्या-परवा सगळे मिळून ती भिंत फोडणार. मी गयावया केली, सांगितलं, आत जिवंत कुणी नाही, नुसतं पाणी आहे. तो म्हणाला, आत मी असतो तर?



११ मे, सकाळ

गेला. दारात आडवी पडले, तरी मला ओलांडून गेला. मुकादमही कुदळ घेऊन गेले, तेच, हसणारे. खाली फोन लावते आहे. कुणी उचलत नाही. उचला ना—

दुपार

नळ्यातले ठोके थांबले. आत हसल्यासारखं काहीतरी—

जमीन हादरली. खाणीच्या तोंडातून आधी वारा, मग पाणी. लाकडं, टोप्या, एक बूट. ओढा आता भरून वाहतोय. हेच पाणी मी शोधत होते.

माणसं खाली-वर नेणारा पिंजरा वर ओढला. रिकामा.

१२ मे

कुणी वर आलं नाही. बायका तोंडाशी उभ्या आहेत. रडतही नाहीत.

नळ्यात ठोका.

पुन्हा.

आजी माझा हात धरून ओढताहेत, नको म्हणताहेत, पाया पडते म्हणताहेत. पण तो जिवंत असेल तर त्याला कळायला हवं, मी इथे आहे. आणि नसेल, तरी त्याला त्या अंधारात मी—

दगड सापडला. आजी, सोडा मला—