सोळा तारखेचं पान

दि. १७ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या मिशा पांढऱ्या झाल्या तरी माझ्यासाठी तू बारक्याच, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस. इकडे सगळं ठीक. आप्पांचा दाढेचा त्रास गेला, म्हणजे दाढच गेली. तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिन्याची चढउतर कमी कर. मुलांना परीक्षेत किती मिळाले ते कळव. खरं तेच कळव.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखं "सगळं छान" म्हणाले. आप्पा समोरच खुर्चीत होते. त्यांना फोनवरचं काही ऐकू येत नाही, पण माझा चेहरा अजून नीट दिसतो. म्हणून हे पत्र. औषधाच्या दुकानातल्या बाकावर बसून लिहिते आहे. इथवर यायला मला वीस मिनिटांची मुभा असते. एकविसाव्या मिनिटाला आप्पा जिन्यात येऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा पत्ता विचारतात.

आप्पांच्या लिहिण्याच्या खोलीत काही बदललेलं नाही. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचा पांढऱ्या रंगवलेल्याच आहेत, रस्ता दिसला की त्यांचं वाक्य तुटतं म्हणून. माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, ते सांगतात आणि मी लिहिते. आता सवय इतकी झाली आहे की जेवतानाही म्हणतात, "भाजीत मीठ नाही, पूर्णविराम." गेल्या महिन्यात एक शिक्षिका त्यांना भेटायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही किती भाग्यवान, ही वाक्यं सगळ्यांत आधी तुमच्या कानावर पडतात." मी हो म्हटलं आणि चहा टाकायला उठले.

प्रकाशकांनी यंदा काढलेलं कॅलेंडर तुला पोचलंच असेल. रोज एक पान, पानावर आप्पांचं एक वाक्य. निवडायचं काम अर्थात माझं. एकतीस पुस्तकं चाळून तीनशे अठरा निघाली, सत्तेचाळीस कमी पडली. तसं सांगितलं तर प्रकाशक म्हणाले, "बाई, वर्ष काही लहान करता येत नाही." मग ती सत्तेचाळीस मीच लिहिली. आप्पा रोज सकाळी कालचं पान फाडतात, आजचं मोठ्याने वाचतात आणि विचारतात, "हे मी म्हटलंय?" मी हो म्हणते. त्यांच्या स्वतःच्या वाक्यांना ते बहुतेक वेळा "भंपक" म्हणतात. माझ्या वाक्यांपैकी काहींना "हे बरं जमलंय" म्हणाले. मी कप विसळत राहते. सांगू तरी कुणाला?

आता मुद्द्याचं. माझी शाळेतली मैत्रीण, ती ठेंगणी, तुला चिमटे काढायची ती, आता मुलींचं वसतिगृह चालवते. तिला देखरेखीला बाई हवी आहे. राहायला खोली मिळेल. खिडकी रस्त्यावर उघडते, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. एक तारखेपर्यंत तिने जागा धरून ठेवली आहे. मी चोपन्न वर्षांची आहे, बारक्या. यापुढे मला कुणी बोलावेल असं वाटत नाही.

मी जायचं तर आप्पांजवळ तू यायला हवंस. आणि तू येत नाहीस, कारण तुला आप्पांचं ते पत्र मिळालेलं आहे.

ते पत्र मी लिहिलं होतं.

दोनदा वाचू नकोस, लिहिलंय तेच आहे. तू एकोणीस वर्षांचा असताना खोटी गुणपत्रिका आणलीस, आप्पांनी ती कादंबरीत घातली, सगळ्या गावाने तुला ओळखलं आणि तू घर सोडलंस. नंतर कितीतरी वर्षं आप्पांनी तुझं नाव काढलं नाही. मला ते सहन होईना. अक्षर तर सगळ्याच पत्रांत माझंच असायचं. राहिली सही. थरथरती सही सरळ सहीपेक्षा काढायला सोपी असते. "पुस्तकं मला सुधारता आली, बारक्या. तुझ्याशी वागलो ते तेवढं सुधारता आलं नाही." हे त्यांनी सांगितलं नव्हतं. गुणपत्रिका तू खोटी केलीस, पत्र मी. लेखकाच्या घरात वाढलो, दुसरं काय येणार आपल्याला?

तू रडत फोन केलास तेव्हाच सांगायला हवं होतं. मला तुझं रडणं ऐकून फार बरं वाटलं, म्हणून गप्प बसले. मग तू त्यांच्या सत्काराला आलास आणि व्यासपीठावर तेच वाक्य वाचून दाखवलंस. लोक उभे राहिले. आप्पांना ऐकू येत नव्हतं, तेही टाळ्या वाजवत होते. घरी न येताच तू संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. त्यानंतर कधी ये म्हटलं की तुझं एकच उत्तर, "पत्रात सगळं आलं, ताई. आणखी काय हवं?" पुढची पत्रंही मीच लिहिली. "ताई आहे ना, तू काळजी करू नकोस," असं त्यात दर वेळी असायचं. स्वतःच्या दाराला बाहेरून कडी मी माझ्याच हाताने घातली.

ते वाक्य आता त्यांचं सर्वांत गाजलेलं वाक्य आहे. आप्पांच्या नजरेला ते मी कधी पडू दिलं नव्हतं. कॅलेंडरमधून वगळायला प्रकाशक तयार होईनात. सोळा सप्टेंबरला छापलं. मी जानेवारीपासून त्या पानाला भीत होते.

काल ते आलं. आप्पांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, "हे माझं नाही."

मी हातातला कप खाली ठेवला.

"कोणी लिहिलं?"

"मी." त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून छातीवर बोट ठेवलं.

"वाक्य चांगलं आहे," ते म्हणाले. "मी असं म्हणालो नसतो."

त्यांनी ते पान फाडून घडी करून खिशात ठेवलं, त्यामुळे भिंतीवर काल दिवसभर आजची तारीख होती. मी भिंतीकडे तोंड करून बसले, लेखणी हातात धरून. मला वाटलं, आता मला घालवून देतील. खरं सांगते, मला आशाच वाटली. चार वाजता मागून आवाज आला.

"त्याला पाठवलंस?"

मी होकाराची मान हलवली.

"मग तो घरी का नाही आला?"

एवढंच म्हणाले. पूर्णविराम नाही, काही नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं का, ते मला दिसलं नाही, मी भिंतीकडे बघत होते.

तुला आप्पांचं खरं वाक्य हवं असेल तर हे एवढंच माझ्याकडे आहे. यात मी एक अक्षर घातलेलं नाही.

तीस तारखेच्या आत ये. तू आला नाहीस तर मी त्यांना टाकून जाणार नाही, हे तुला माहीत आहे, आणि ते मलाही माहीत आहे, तीच तर अडचण आहे. वीस मिनिटं होऊन गेली. ते जिन्यात बसले असतील.

या पत्रावर त्यांची सही नाही. फक्त माझी आहे.

ताई