उरलेलं काळं कापड

ओसेई,

मी चालायला गेलेय. धाकट्या दुफीला आंघोळ घाल, दोघा पोरांना शाळेत सोड. रोज मी करते, आज तू कर.

डॉक्टर सांगून दमले, पोरं सांगून दमली, पण दुकानातून मला सवडच होत नव्हती. काल तुझ्या मावशीच्या मयताला घरच्यांनी घालायचं काळं कापड घेताना तू सगळ्यांसमोर म्हणालास, "जरा जास्तच फाडा, पुढचा नंबर आमच्या जाडीचाच!" पोरंसुद्धा हसली. लगेच सवड झाली.

ब्लडप्रेशर तुलाही आहे, पण अळणी तुला चालत नाही. म्हणून फुफूच्या गोळ्यांसोबतच्या सूपमध्ये डुकराचे पाय घातलेत, मीठ सढळ हाताने. पोरांचं वेगळं ठेवलंय. तू पोटभर जेव.

उरलेलं कापड माझ्या कपाटात आहे. बारीक झाले की शिवून घेईन. तुझ्या मयताला अंगावर नीट बसायला हवं.

सेरवा