पाणीगेटच्या बाजूने

सांगली, १८ नोव्हेंबर २०२४

॥ श्री ॥

ती. गोविंदमामांना मोहनाचा सा. न. वि. वि.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी बडोद्याला येते आहे. लहानपणी सुट्टीत यायचे, पण आजीच्या ओसरीपलीकडे माझं बडोदं म्हणजे बागेतली झुकझुकगाडी. गाव म्हणून काही पाहिलंच नाही. तेव्हा दोन दिवसांत काय बघावं, कुठून कुठे जावं, काय खावं, ते नीट लिहून पाठवा. तुमच्याइतकं ते शहर कुणी पायाखाली घातलेलं नाही.

सोबत एक जण आहे. कोण ते आत्ता विचारू नका. उतरणार स्टेशनजवळच्या हॉटेलात, त्यावरून रागावूही नका.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची भाची,
मोहना

\*

सांगली, त्याच दिवशी

ती. कमलमामींना सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या शेजारच्या कोमलबेनच्या पत्त्यावर पाठवते आहे. फोन केला असता, पण मामांना ऐकू यावं म्हणून तुमचा फोन इतका मोठ्याने चालतो की तुमच्या सगळ्या अकोटा भागाला बातमी कळते.

सोबत आई आहे. आजीच्या शेवटच्या आजारात माझी बारावीची परीक्षा म्हणून मामांनी कळवलं नाही, आणि आई पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. त्याला आठ वर्षं झाली. इतकी वर्षं ती भावाशी बोलली नाही आणि मामाही हट्टाने बोलले नाहीत. परीक्षा माझी होती, म्हणून हे माझ्या जिवाला लागून राहिलं आहे. आता ती प्रवासी म्हणून यायला कशीबशी तयार झाली आहे. अट एकच, अकोट्याला तुमच्या घरी पाऊल टाकायचं नाही. दोघं एकदा समोरासमोर यावीत, एवढंच मला हवंय. पुढचं काही सुचत नाही. मामांना यातलं काही बोलू नका. उत्तर माझ्या बँकेच्या पत्त्यावर टाका.

मोहना

\*

बडोदे, २६ नोव्हेंबर २०२४

चि. मोहना हीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला, मग पुन्हा वाचलं आणि आनंद थोडा कमी झाला. मामाचं घर असताना हॉटेल कशाला, हे मला कळलेलं नाही. ‘एक जण’ कोण, हे मात्र कळलं. मी काही मागासलेला माणूस नाही. मुलगा नोकरी काय करतो एवढं तरी लिहायचंस.

असो. राजवाडा सोमवारी बंद असतो, तुम्ही सोमवारी नाहीच, तरी लक्षात असू दे. तिथे कानाला लावायचं यंत्र देतात, त्यातला माणूस बरंच सांगतो, सगळं खरं मानायची गरज नाही. बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे. त्याच्यासमोर या मुलाला उभा करून बघ, शांत राहतो की बडबडतो. विश्वामित्रीच्या पुलावरून मगर दिसली तर दिसते. मगर बघायला जो तुला कठड्याकडे ढकलून स्वतः मागे राहील, त्याचा विचार सोडून दे. खंडेराव मार्केट इमारतीसाठी बघायचं, भाजी घ्यायची नाही.

शनिवारी संध्याकाळी सूरसागरवरून चालत निघा. जिथे पूर्वी टॉकीज होतं तिथे डावीकडे वळा. टॉकीज आता नाही, पण डावीकडे आहे. लहरीपुरा दरवाजातून सरळ चारही बाजूंनी कमानी असलेल्या मांडवीत या आणि पाणीगेटच्या बाजूने बाहेर पडा. त्याच बाजूने पडा. का, ते विचारू नकोस, तूही मला विचारू दिलं नाहीस.

तुझ्या आईला माझा काही निरोप नाही. तिचा गुडघा कसा आहे?

लोभ तुझ्याकडून वाढव, इकडचा आहेच.

गोविंदमामा

\*

बडोदे, ३ डिसेंबर २०२४

चि. मोहना हीस अनेक आशीर्वाद.

अगं, तू मला चांगल्याच गोंधळात टाकलंस. हे त्या मुलाला गुपचूप बघायला मांडवीत पाणीगेटच्या बाजूला उभे राहणार आहेत. ओळखू येऊ नये म्हणून माकडटोपी घालणार. परवा आरशासमोर घालून बघितली. मी विचारलं कुठे निघालात, तर म्हणाले, थंडी आहे. पंखा चालू होता.

यांना सांगितलं तर हे येणार नाहीत, आणि नाही सांगितलं तर जावई बघायला गेलेल्या माणसाला बहीण दिसेल. धक्का बसला तर? कोमलबेन म्हणते, थवा दो, म्हणजे होऊ दे जे होतंय ते. तिचं काय जातंय. माईंचा फोटो पुसताना हे अजून म्हणतात की आई जाताना स्नेहाला बोलवायला हवं होतं. मला म्हणतात, तिला म्हणत नाहीत.

काय करू ते लगेच कळव.

मामी

\*

सांगली, ७ डिसेंबर २०२४

ती. मामींना सा. न. वि. वि.

काही करू नका. टोपी घालून जाऊ द्या. मलाही भीती वाटते आहे.

मोहना

\*

सांगली, २१ डिसेंबर २०२४

॥ श्री ॥

ती. दादास धाकट्या स्नेहलताचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टाकावं की नाही, यात चार दिवस गेले.

मोहनाने काय बघायचं ते एका कागदावर उतरवून आणलं होतं. नेटवरून घेतलं म्हणाली. ‘टॉकीज आता नाही, पण डावीकडे आहे’ हे तिने वाचलं आणि मला कळलं की हे नेट अकोट्यात राहतं. तेव्हाच परत फिरायला हवं होतं, नाही फिरले. मांडवीत शिरले, वर बघत एक गिरकी घेतली आणि चुकले. चारही बाजूंना त्याच कमानी. जन्म बडोद्यातला आणि मला लहरीपुरा कुठला, पाणीगेट कुठलं ते उमगेना. मोहना बांगड्यांच्या दुकानात रेंगाळली होती, का ते आता कळतं.

माकडटोपीतला तू माझ्या मागे कुणाला तरी शोधत होतास. मग मला पाहिलंस. आणि विचारलंस, गुजरातीत, की बेनला कुठे जायचं आहे. मीही गुजरातीतच म्हणाले, पाणीगेटला. आपलं भांडण मराठीत झालं, अबोला मराठीतला. गुजरातीत आपण कधी भांडलोच नव्हतो, म्हणून मला ते चाललं.

तू हात धरून नेलंस ते थेट लहरीपुऱ्याकडे. अडुसष्ट वर्षं त्या गावात राहून तूही चुकलास. लहरीपुऱ्याबाहेरचं न्यायमंदिर दिसलं तेव्हा दोघांनाही चूक कळली. बेन जेवल्या का, विचारलंस. सेव उसळीत तरी जास्त घालायला सांगितलीस, मला लागते तशी. रिक्षात बसवून आवजो, म्हणजे पुन्हा या, म्हणालास आणि मी आवजो म्हणाले. हे झालं ते नेमकं काय, मला अजून समजलेलं नाही. समेट म्हणावा तर एक शब्द झाला नाही, आणि राग शोधते तर हाताला लागत नाही.

पण दादा, एक विचारायचं राहिलं. माई शेवटी काय बोलली, माझं नाव घेतलं का. रिक्षात बसेपर्यंत ओठावर होतं. ते मला गुजरातीत विचारता येईना.

संक्रांतीला येते. उतरेन अकोट्यालाच. वहिनीला सांग, तिळाची पोळी माईसारखी पातळ हवी. स्टेशनवर घ्यायला ये, मराठीत बोल, आणि रस्ता रिक्षावाल्याला ठरवू दे.

आठ वर्षांचा लोभ साठला आहे, तो घेऊन येते.

तुझी,
स्नेहा