ओझीतचा जोझेफ

९ जून १९८३
हात हलवत परत! हॅलिफॅक्सच्या सरकारी दप्तरखान्यात जाऊन-येऊन दिवस मोडला, कंबर मोडली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी आमच्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांना गलबतांत कोंबून हद्दपार केलं, तेव्हाच्या याद्या पाहिल्या. पुरुषाचं नाव, पुढे नुसतं— बायको, दोन मुलगे, तीन मुली. बायका म्हणजे काय बटाट्यांची पोती? त्यांत आमच्या घराण्याची मूळ बाई, ओझीत, सापडणार कुठून!

१० जून
या किनाऱ्यावर माणूस ओळखायचा बापा-आजाच्या नावानं. मी प्लासिदची मेलनी. प्लासिद फिदेलचा, फिदेल मग्लोआरचा, मग्लोआर जोझेफचा. आणि जोझेफ? ओझीतचा! आईचा. बाप कोण, कुणालाच ठाऊक नाही. हद्दपारीतून ओझीत पोरं घेऊन चालत परत आली, एवढंच आजी सांगायची.
१५ ऑगस्टला, आमच्या लोकांच्या सणाला, घराण्याची नावं कोरलेला दगड बसायचाय. जोझेफच्या बापाची जागा रिकामी.

१९ जून
चर्चबाहेर देल्फँ भेटला. सत्तर वर्षं शेजारी, सत्तर वर्षं तोंडाळ.
"मेलने, सापडला का बाप?"
"माझा सापडलेलाच आहे. खापरपणजोबांचा शोधतेय."
"मग दगडावर लिही— चौकशी चालू आहे!"
सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन भांडी आपटली. याचं स्वतःचं घराणं आमां नावाच्या बहिऱ्या पूर्वजावर येऊन थांबतं— त्याच्यामागे कोण, ते मात्र विचारायचं नाही!

५ जुलै
जुन्या नोंदी सांभाळणाऱ्यांना चार पत्रं धाडली. तीन उत्तरं— नोंद नाही. चौथं उत्तरच नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. याद्यांच्या प्रतींतली जुनी अक्षरं भिंगातून लावता लावता डोळ्यांना धार लागते. सोडून द्यावं झालं.

६ जुलै
नाही सोडणार.

२९ जुलै
दगड कोरणारा आला. रापूर वाढली. किसलेल्या बटाट्याचा शेवटचा कणही पुसून खाल्ला, मग म्हणतो, "काकू, बुधवारपर्यंत नाव द्या. नाहीतर जागा मोकळीच राहील."
"आधी पाणी पी," म्हटलं.

३ ऑगस्ट
चौथं उत्तर आलं! क्युबेकहून, नोंदवहीच्या पानाची प्रत. हद्दपारीनंतर चौदा वर्षं आमच्यात पाद्री नव्हता. पहिला आला तेव्हा लोकांनी बाप्तिस्म्यासाठी पोरं त्याच्यापुढे उभी केली; त्यानं लिहिलेलं हे पान. तीनदा वाचलं—
"ओझीत, विधवा. स्वतःचं मूल नाही. वाटेत सापडलेली पाच पोरं आणली. आईबाप अज्ञात. सगळी हिलाच आई म्हणतात."
पहिलं नाव जोझेफ, वय बारा.
वाटेत सापडलेला! आणि मी दोन वर्षं त्याचा बाप हुडकतेय. पुढचं वाचवेना. भिंग ठेवून दिलं.

४ ऑगस्ट
सकाळी उरलेली नावं वाचली. चौथं— आमां, वय नऊ, बहिरा.
कोरणाऱ्याला निरोप दिला: सर्वांत वर ओझीत. खाली तिच्या पाचही पोरांची जागा.
रापूर घेऊन देल्फँकडे निघालेय.