पोटभर खाणारी कोंबडी

माय, तू कोंबड्यांले दाणे टाकल्याशिवाय चूल पेटवत नव्हती, ते आज सकाळी पुन्हा आठवलं म्हणून लिहायले बसली. चौथीच्या पुढं मले तूच जाऊ दिलं नाही, तेव्हा अक्षर वाकडं दिसलं तर बोल मले लावू नको.

सेक्टरमधलं आपलं क्वार्टर, मागं टिनाचं खुराडं. बाबा नाईट करून लोखंडाच्या प्लांटातून यायचे तेव्हा तू अंगणात सूप घेऊन उभी असायची. एक दिवस मी शाळेच्या घाईत दाणे टाकायचे विसरली अन् शिळी पोळी घेऊन बसली. तू येते, खुराड्याकडं पाहते, माझ्याकडं पाहते, अन् समोरून ताट उचलते. "ज्याले कोंडून ठेवलं त्याच्या आधी खाते? आधी त्याचं पोट, मंग तुझं." बस, एवढंच. मी उपाशीच शाळेत गेली. रविवारी त्यातल्याच एका कोंबडीची मान तूच कापली, डोळ्यात पाणी नाही की काही नाही. त्यात मले कधी काही चुकीचं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मी काही कोंबडीसाठी रडणारी बाई नव्हे, माय. तुझीच लेक आहे.

तुझ्या नातवाले प्लांटात नोकरी लागली नाही. तो कुम्हारीच्या पुढं, रस्त्यापासून आत, एका कोंबड्यांच्या फार्मवर मॅनेजर आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीले एकदा डबा घरीच विसरून गेला. सून माहेरी होती, मंग मीच बसमध्ये बसून डबा घेऊन गेली. गेटवर पाय औषधाच्या पाण्यात बुडवायले लावतात, माझ्या चपला वाया गेल्या. आत शेड केवढं लांब, त्याचं दुसरं टोक नीट दिसत नाही. सगळ्या पांढऱ्या कोंबड्या, चोचीचं टोक लहानपणीच तापलेल्या पात्यानं उडवलेलं. दाण्याची पन्हळ रिकामी, अन् त्या रिकाम्या पन्हळीवर टकटक टकटक चोची मारून राहिल्या. काही खालचा भुसाच खाऊन राहिल्या. काही एकमेकींची पिसं उपटत होत्या. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"कावून ओरडून राहिल्या ह्या?"

"आज त्यांचा दाण्याचा दिवस नाही, आई. एक दिवस आड मिळते."

"कोणत्या देवाचा उपास आहे?"

"तू हे समजणार नाही. ह्या कापायच्या कोंबड्यांच्या आया आहेत. पिल्लं झटपट वजन धरतात, तेच रक्त ह्यांच्यात आहे. पोटभर दिलं तर अंड्यावर येण्याच्या आधीच पाय जातात, नाही तर हार्ट बैठ जाता है."

"दाणा वाचवून राहिला अन् मले शास्त्र शिकवते."

तो शेडला लागून असलेल्या ऑफिसात खुर्चीवर बसला अन् डबा उघडला. भिंतीच्या पलीकडं ते ओरडणं चालूच. मी डबा त्याच्या समोरून उचलला अन् झाकण लावलं. डोक्याचे केस पिकायले आले त्याचे, तरी लहान पोरासारखा पाहत राहिला. मंग म्हणाला, "मी उपाशी राहून त्यांचं पोट भरत असेल तर ठेव झाकून. असं कर, एक घेऊन जा घरी. वजनात कमी भरली, तशीही काढायचीच आहे. खिलाओ पेटभर. पण बाहेर गेली की परत आत घेत नाही."

"दिवाळीले तिची अंडी खाऊ घालते तुले," मी म्हटलं.

पोत्यात घालून आणली तिले जुनवानीले, घरी. अंगणात मोकळी सोडली, तांदळाची कणी टाकली. ती खाते अन् खातच राहते. आपल्या कोंबड्या पोट भरलं की चोच मातीले पुसायच्या अन् सावलीत जायच्या, आठवते? हिनं एकदाही चोच पुसली नाही. मले वाटलं, जन्माची भुकेली आहे, चार दिवसांत विश्वास बसेल. बसला नाही. रोज माझी वाट पाहायची, मी दिसली की पंख पसरून धावायची, मंग नुसतीच चालायची, मंग फक्त मान वर करायची. शेजारची छत्तीसगढी बाई भिंतीवरून पाहून हसली, कोंबडी बसल्या-बसल्याच लठ्ठ झाली म्हणे, "तोर कुकरी त बइठे-बइठे मोटागे, दाई."

मी घाबरली. सूप मागं घेतलं, अर्धेच दाणे टाकले. तर ती तशीच ओरडायले लागली, माय. शेडमधला तोच आवाज, माझ्या अंगणात. दुपारपर्यंत मी कान झाकून ऐकला. मंग उठली अन् उरलेले दाणे टाकले.

ऊन वाढलं तशी ती सावलीतही तोंड उघडून धापायची. पाय पोटाखाली दबून वाकडे झाले होते. तू असती तर तेव्हाच कापली असती. मी सुरी काढली अन् परत ठेवली, कारण कापली तर लेक जिंकत होता. एका सकाळी पाहते तर वाटीत तोंड घालून मेलेली. गळ्याखालची पिशवी दाण्यानं टच्च.

मी त्याले शिव्या घालायले तोंड उघडलं होतं, पण कोणत्या घालू? उपाशी ठेवलं तर जगते अन् पोट भरलं तर मरते, असा जीव कोणी बनवला, एवढंच विचारलं होतं मी त्याले, तिचे पाय वाकडे झाले तेव्हा. "आम्ही नाही बनवलं, आई. पिल्लं कंपनीतूनच अशी येतात," म्हणाला, अन् गाडीले किक मारली.

कोंबडी कुठं गेली ते त्यानं काल विचारलं. मी म्हटलं, मांजरानं नेली. एवढं वजन उचलणारं मांजर जुनवानीत नाही, हे त्याले माहीत आहे. तो मान खाली घालून जेवला.

हा कागद मी कुठं धाडणार, अन् तुझा पत्ता असता तरी धाडला नसता. आज फार्मवर त्यांचा दाण्याचा दिवस नव्हता, माय. मी त्याले डबा भरून दिला, वरून एक पोळी जास्त घातली. अन् तो गेल्यावर मीही जेवली.